मोटारीचा रेडिएटर घरच्या घरीं बदलणें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां बैलजोडीच्या ऐवजीं अथवा तिच्या जोडीस मालवाहू मोटार उभी असते. बैलाची वैरण, पाणी आणि खूर यांकडे आपण ज्या दक्षतेनें पाहतों त्या दक्षतेनें या लोखंडी जनावराच्या पाण्याकडे पाहत नाहीं, ही गोष्ट कोणास नाकबूल करतां येणार नाहीं. डिझेल वेळेवर भरलें जातें, कारण तें संपल्यास गाडी जागची हलत नाहीं. पाण्याचें तसें नाहीं. पाणी कमी असलें तरी गाडी कांहीं अंतर धांवते, आणि जेव्हां थांबते तेव्हां सबंध इंजिनाचा नाश करून थांबते. प्रस्तुत लेखांत रेडिएटर निकामी झाला असतां तो आपल्या हातानें कसा बदलावा याची माहिती आम्ही देणार आहों. ती ऐकीव नाहीं. गेल्या वैशाखांत हें काम आम्हीं आपल्या अंगणांत, एक पानेसंच, एक पक्कड आणि दोन घमेलीं एवढ्या सामानावर दीड दिवसांत पार पाडलें.

प्रसंग असा घडला. संगमनेरहून टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही नारायणगांवच्या बाजारास निघालों होतों. चंदनापुरीचा घाट चढतांना उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेषेकडे सरकूं लागला. माथा आतां फार दूर नाहीं, एवढा चढून जाऊं, असा मोह झाला नाहीं असें नाहीं. परंतु त्या मोहास बळी पडलेलीं दोन इंजिनें आमच्याच गांवांत उघडीं पडलेलीं आम्हीं पाहिलीं होतीं. गाडी कडेस घेतली तोंच बॉनेटखालून वाफ येऊं लागली. बरोबरचा तरुण ओलें फडकें घेऊन रेडिएटरचें झांकण फिरवावयास धांवला, त्यास आम्हीं हात धरून मागें ओढलें. हें झांकण साध्या डब्याच्या झांकणासारखें नसतें. तें आंतील पाणी दाबाखालीं ठेवतें. झांकणावर ०.९ बार असा आंकडा असला तर समुद्रसपाटीवर आंतील साधें पाणी सुमारें ११९ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळतां राहूं शकतें. झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो आणि तेंच पाणी एका क्षणांत वाफ होऊन उघडणाराच्या तोंडावर व छातीवर उसळतें. घाटांत भाजलेल्या माणसांपैकीं किती जण या एका फडक्याच्या भरंवशावर भाजले असतील कोण जाणे.

तासाभरानें इंजिन निवाल्यावर पाहिलें तों रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीस, जाळीशीं जेथें तिचा सांधा आहे तेथें, चीर पडली होती. वाटेनें जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानें आपल्या स्वयंपाकाच्या सामानांतून मूठभर हळद काढून दिली. ही युक्ति जुनी आहे व खोटी नाहीं. हळदीचे कण गळतीच्या फटीशीं जाऊन बसतात व तेवढ्यापुरती गळती मंदावते. परंतु तेच कण जाळीच्या बारीक नळ्यांतही बसतात, म्हणून ही युक्ति घर गांठण्यापुरतीच समजावी. आम्ही दर कांहीं मैलांवर थांबत, गाडी निववीत व पाणी घालीत बाजारांत पोहोंचलों तेव्हां दुपार झाली होती. टोमॅटोचा सकाळचा भाव व दुपारचा भाव एक नसतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां रेडिएटरचें कार्य काय तें थोडक्यांत सांगतों. इंजिनांत जळणाऱ्या डिझेलाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामास येतो, तितकाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला पाण्याच्या द्वारें बाहेर टाकावा लागतो. विहिरीवरील जुन्या इंजिनास पंपाचें ताजें पाणी मिळत असे व तें तापून पाटांत जात असे, त्यामुळें त्याची चिंता नव्हती. मोटारीजवळ मात्र आठदहा लिटर पाण्याचाच सांठा असतो व तेंच पाणी पुन्हां पुन्हां फिरवून निववावें लागतें. विल्हेल्म मायबाख यांनीं १९०० सालीं पहिल्या मर्सिडीज गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर बनविला त्यांत ८०७० बारीक नळ्या बसविल्या होत्या. थोड्या पाण्यास पुष्कळ वारा लागावा हेंच त्यांतील मर्म, आणि तें आजही तेंच आहे. पाणी पंपानें फिरतें. इंजिन गार असतांना पाण्याची रेडिएटरकडील वाट थर्मोस्टॅट नांवाची एक लहानशी झडप बंद ठेवते, आणि पाणी बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास तापलें म्हणजे ती उघडूं लागते. या झडपेविषयीं आम्हांस पुढें तक्रार करावयाची आहे.

पूर्वींचे रेडिएटर तांब्यापितळेचे असत. त्यांस गळती लागली तर गांवचा कारागीर डाख देऊन ती बंद करी. आतांच्या बहुतेक गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, आणि दोहोंच्या मध्यें रबराची पट्टी घालून जाळीच्या कडा टाकीवर दाबून वळविलेल्या असतात. येथें डाखाचें कांहीं चालत नाहीं. लेप लावून टाकीची चीर बुजविणारे भेटतात, पण उन्हांत व दाबाखालीं तो लेप किती दिवस टिकेल याची खात्री ते देत नाहींत. म्हणून अशा रेडिएटराची दुरुस्ती म्हणजे बहुधा तो बदलणेंच होय. आणि बदलणें हें दुरुस्तीपेक्षां सोपें आहे.

तथापि नवा रेडिएटर आणण्यापूर्वीं जुना कशानें गेला याचा शोध केला पाहिजे. तो न केल्यास नवाही त्याच वाटेनें जाईल. आमच्या बाबतींत दोन कारणें सांपडलीं. पहिलें आमचेंच. वर्षानुवर्षें आम्ही विहिरीचें पाणी घालीत आलों. तें पाणी जड आहे. त्यांत डाळ शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, हें घरांतील बायकांस ठाऊक होतें, पण मोटारीस काय होतें असें म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. पाणी तापलें कीं त्यांतील चुन्याचे क्षार अलग होऊन धातूवर पापुद्रा धरतात, आणि हा पापुद्रा ॲल्युमिनियमच्या मानानें शंभरपटीहूनही कमी उष्णता वाहून नेतो. जुना रेडिएटर काढल्यावर त्याची जाळी आम्हीं मुद्दाम करवतीनें कापून पाहिली. मधल्या नळ्यांपैकीं कित्येक पांढऱ्या व तांबूस गाळानें पार बुजल्या होत्या.

दुसरें कारण मात्र दुसऱ्याच्या हातचें. आदल्या वर्षीं एका मेकॅनिकानें आम्हांस न विचारतां थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "आपल्याकडच्या हवेंत त्याची गरज नसते," हें त्याचें उत्तर. तसें करणारा तो एकटाच आहे असें नाहीं. ही समजूत आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती चुकीची आहे. ही झडप नसल्यास इंजिन योग्य उष्णतेस उशीरा येतें, डिझेल अधिक जळतें, काजळी धरते. आणि कांहीं इंजिनांत तर पाणी रेडिएटराकडे न जातां आडवाटेनें पुन्हां इंजिनांतच फिरत राहतें, म्हणजे जेथें चढ व ओझें अधिक तेथेंच तें अधिक तापतें.

तिसऱ्या एका शक्यतेचा विचारही याच वेळीं केला पाहिजे. इंजिनाच्या डोक्याखालील गॅस्केट जळली असेल तर नव्या रेडिएटराचा उपयोग नाहीं. तेल मोजण्याची सळई काढून पाहावी. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, अथवा इंजिन चालू असतां पाण्यांत बुडबुडे थांबतच नाहींत, अथवा तापलेल्या इंजिनाच्या धुरांतून पांढरी वाफ सतत येते, असें आढळल्यास काम तेथेंच थांबवून जाणत्यास दाखवावें. आमचें इंजिन सुदैवानें बचावलें होतें, आणि तें घाटांत वेळीं थांबल्यामुळेंच बचावलें असें आमचें मत आहे.

नवा रेडिएटर घेतांना केवळ गाडीच्या नांवावर विसंबूं नये. एकाच गाडीच्या निरनिराळ्या वर्षांच्या बांधणींत फरक असतो. शक्य तर जुना काढून बरोबर न्यावा व दोन्ही शेजारीं ठेवून पाहावेत: उंची, रुंदी व जाडी, नळ्यांचीं तोंडें कोणत्या अंगास व किती व्यासाचीं, खालील खुंट्या, वरचे कान, पाणी सोडण्याचा बूच. त्याच वेळीं वरची व खालची रबरी नळी, चार क्लिपा, झांकण व थर्मोस्टॅट त्याच्या गॅस्केटसह घ्यावा. नवें झांकण जुन्या झांकणावर जो दाबाचा आंकडा आहे त्याच आंकड्याचें असावें. जास्त आंकड्याचें घेतल्यास फायदा होत नाहीं, नळ्या मात्र फुगतात.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागीं, सांवलींत उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांस मागेंपुढें दगड लावावेत. इंजिन पूर्ण निवलेलें असावें. आम्ही रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळीं कामास लागलों. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. ज्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो त्यांत तो किल्ली काढली असतांही आपोआप सुरू होऊं शकतो व बोटें जाऊं शकतात. नंतर खालचा बूच, अथवा तो गंजून बसला असल्यास खालची नळी, सोडून पाणी घमेल्यांत घ्यावें. तें किती निघालें हें मोजून ठेवावें. गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापाशीं ताडून पाहिलें असतां किती गळून गेलें होतें याचा अंदाज येतो.

या घमेल्याविषयीं चार शब्द अधिक लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. रेडिएटरांत जें रंगीत कूलंट घालतात त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकोल असतें. तें चवीस गोड असून जहाल विष आहे. आम्ही नळीशीं झटत असतां गोठ्यांतील वासरूं सुटून घमेल्याशीं आलें व त्यांत तोंड घालणार तोंच घरांतील मुलीनें आरडाओरड केली. कुत्रें असतें तर कोणास कळलेंही नसतें. तेव्हां निघालेलें पाणी ताबडतोब डब्यांत भरून घट्ट झांकावें, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवावें, सांडलेलें भरपूर पाण्यानें धुवावें, आणि तें विहिरीजवळ, पाटांत वा उकिरड्यावर कधींही ओतूं नये. वापरलेलें तेल व कूलंट जमा करून घेणाऱ्या एखाद्या मोठ्या गॅरेजांत तें देऊन टाकावें.

पाणी निघाल्यावर वरची नळी सोडावी. क्लिप सैल करून नळी हातानें पिळावी म्हणजे ती चिकटलेली जागा सोडते. पेचकस घालून उचकटूं नये. प्लॅस्टिकचें तोंड चटकन मोडतें. नळी नवीनच घालावयाची असल्यास जुनी सुरीनें उभी चिरून काढणें सर्वांत बरें. मग पंख्याभोंवतीचा आवरणाचा घेर सोडून मागें पंख्याकडे सरकवावा, वरचे कान धरणारे बोल्ट काढावेत, आणि रेडिएटर सरळ वर उचलावा. खालीं त्याच्या खुंट्या रबराच्या गाद्यांत बसलेल्या असतात. या गाद्या पडून हरवतात म्हणून प्रथम त्याच वेंचून ठेवाव्यात. त्या न बसवतां रेडिएटर लोखंडावर ठेवल्यास आमच्यासारख्यांच्या रस्त्यांवर तो फार दिवस टिकावयाचा नाहीं. रेडिएटराच्या पुढें गार हवेच्या यंत्राची दुसरी जाळी असली तर तिच्या नळ्यांस हात लावूं नये, त्यांत दाबाखालीं वायु असतो. ती जाळी जागीं ठेवून मागचाच रेडिएटर काढावा. ज्या गाड्यांचे गीअर आपोआप बदलतात त्यांत रेडिएटरास तेलाच्या दोन नळ्या आणखी असतात. त्यांची बाब निराळी आहे. नवशिक्यानें तें काम एकट्यानें अंगावर घेऊं नये असें आम्ही म्हणूं.

रेडिएटर निघाल्यावर जी मोकळी जागा मिळते तिचा उपयोग करून घ्यावा. पट्टा भेगाळला आहे काय, पंपाच्या आंसास गळतीचे डाग आहेत काय, हें एरव्हीं दिसत नाहीं. थर्मोस्टॅटचें घर उघडें असतांना इंजिनांत स्वच्छ पाणी सोडून खालून नितळ येईपर्यंत धुऊन काढावें. आमच्या इंजिनांतून पहिलीं तीन घमेलीं गेरूच्या पाण्यासारखीं निघालीं. नवा थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वीं तो दोऱ्यानें पातेल्यांतील पाण्यांत टांगून चुलीवर तापवावा व उष्णतामापक धरून पाहावें. त्यावर जो आंकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास तो उघडूं लागला पाहिजे. हें पातेलें मात्र स्वयंपाकाचें नसावें.

बसविण्याचा क्रम उलट. रेडिएटर गाद्यांवर बसल्यावर तो हलवून पाहावा, मगच बोल्ट आवळावेत. त्याच्या पातळ पत्र्या बोटाच्या दाबानें वांकतात, म्हणून उतरवितांना पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा. क्लिपा बेतानें आवळाव्यात. येथें आमची चूक झाली: खालची क्लिप आम्हीं अधिक जोरानें आवळली, ती तिरपी बसली आणि पहिल्याच परीक्षेंत थेंब थेंब गळूं लागली. सोडून सरळ बसविल्यावर गळती थांबली.

पाणी कोणतें घालावें हा प्रश्न आतां वाचक विचारतील. आमच्या गाडीच्या पुस्तकांत कूलंट व शुद्ध पाणी निम्मेंनिम्मे सांगितलें आहे. शुद्ध पाणी म्हणजे बॅटरींत घालतात तें ऊर्ध्वपातित किंवा क्षाररहित पाणी. विहिरीचें नव्हे, बोअरचें तर नव्हेच. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं तेव्हां कूलंट कशास, अशी शंका कित्येक घेतात. परंतु थंडीपासून रक्षण हा त्याचा एक गुण झाला. गंज न धरूं देणें व उकळण्याची मर्यादा वाढविणें हे दुसरे दोन गुण आपणांस अधिक कामाचे. उंचीवर पाणी लौकर उकळतें हें लक्षांत ठेवावें. महाबळेश्वरासारख्या सुमारें १३७० मीटर उंचीच्या ठिकाणीं उघड्या भांड्यांतील पाणी ९५ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें. कूलंटचा रंग पाहून जात ठरवूं नये. हिरवें, तांबडें, निळें हे रंग कारखानदार आपापल्या मर्जीनें घालतात, आणि दोन जाती एकत्र केल्यास कधीं कधीं गाळ बनतो.

मिश्रण सावकाश ओतावें. भरभर ओतल्यास हवा आंत कोंडते आणि कोंडलेली हवा हें नव्या रेडिएटराचें पहिलें दुखणें होय. गाडींत गरम हवेचा नळ असल्यास तो पूर्ण उघडा ठेवावा. बॅटरीची तार जोडून, झांकण उघडें ठेवून, गार इंजिन सुरू करावें व मंद चालूं द्यावें. बुडबुडे येत राहतात, पातळी खालीं जाते, तसतसें घालीत जावें. कांहीं वेळानें वरची नळी एकदम गरम लागते. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. इंजिन पुरतें तापून पाणी उसळूं लागण्यापूर्वींच पातळी तोंडाशीं आणून झांकण लावावें व बाजूच्या बाटलींतील पाणी दोन खुणांच्या मध्यें ठेवावें. त्यानंतर गाडी निवूं द्यावी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, म्हणजे पूर्ण गार असतांना, पुन्हां पाहावें. आमच्या गाडींत दुसऱ्या सकाळीं अर्धा लिटर कमी भरलें, तिसऱ्या सकाळीं कांहीं नाहीं. रिकामी गाडी गांवाभोंवतीं फिरवून, मग अर्धें ओझें घालून, मगच आम्ही पुन्हां घाट चढलों.

शेतकऱ्याच्या गाडीस एक दुखणें शहरच्या गाडीस सहसा नसतें, तें बाहेरून येतें. खळ्यावरचा भुसा, कपाशीचा तंतु, उसाचें पाचट, रात्रीचे किडे हीं जाळीच्या पत्र्यांत अडकून वाऱ्याची वाट बंद करतात, आणि आंत पाणी पूर्ण असतांही गाडी तापते. हंगाम संपला कीं इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या अंगास, साध्या नळाच्या हलक्या धारेनें जाळी धुवावी. गाड्या धुण्याच्या यंत्राची जोरदार धार मारूं नये. तिनें पत्र्या आडव्या होतात.

पावसाचें पाणी रेडिएटरास चालतें काय, असें आमच्या एका स्नेह्यानें विचारलें. पहिल्या एकदोन सरी जाऊं देऊन, स्वच्छ कापडावरून प्लॅस्टिकच्या पिंपांत धरलेलें पाणी विहिरीच्या पाण्याहून पुष्कळ हलकें असतें, आणि अडीअडचणीस वरून घालण्यास तें आम्हांस बरें वाटतें. कूलंटबरोबर असें पाणी कांहीं वर्षें नेमानें वापरून ज्या सभासदांनीं जाळी उघडून पाहिली असेल, त्यांनीं आपला अनुभव कळविल्यास तो पुढील अंकीं अवश्य छापूं.